कोर्टांची फेररचना मतदारांच्या हाती: न्यू जर्सीत ती कशी झाली

एडिसनहून एका ताईंनी विचारलंय. नागरिकत्व मिळून दोन वर्षं झाली, घरपोच मतपत्रिका येते, तिच्यावर कधीकधी राज्याच्या घटनेत बदल करण्याचे प्रश्न असतात. सध्या वडील साताऱ्याहून आलेत. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. २०१४ साली इथल्या मतदारांनी जामिनाबद्दलची घटनादुरुस्ती मंजूर केली हे कळल्यावर ते म्हणाले, "कोर्टाची घडी मतदार बसवणार? मग अपेंडिक्सचं ऑपरेशनही मतदान घेऊनच करा." ताईंचा प्रश्न असा: हे लोकांना खरंच कळतं का, यातून कधी काही चांगलं झालंय का, आणि पुढच्या वेळी असा प्रश्न आला तर नेमकं काय वाचायचं?

आधी साताऱ्यात चार वर्षं काळा कोट घातला, मग इकडे मिडलसेक्स काउंटीत सत्तावीस वर्षं. त्यामुळे बाबांची शंका मला आतून कळते. थोडक्यात सांगायचं तर न्यू जर्सीत ते झालं, चांगलं झालं, पण पहिल्या फटक्यात नाही. मतपत्रिकेवर मात्र भलतीच गोष्ट ठळक दिसते. अमुक कोर्ट बंद, तमुक सुरू, असं तिथे लिहिलेलं असतं. खरा मुद्दा असतो रोजनामा कोणाच्या हातात जाणार, म्हणजे न्यायाधीश कुठे बसेल, कामाचा हिशेब कोण मागेल, नियम कोण करेल. बाबांना हे वेगळं सांगायला नको; शिरस्तेदाराला कोर्टाची खरी चावी कुठे असते ते न्यायाधीशापेक्षा जास्त ठाऊक असतं.

१९४७ च्या आधी न्यू जर्सीत काय होतं ते बघू. घटना १८४४ ची. वर कोर्ट ऑफ एरर्स अँड अपील्स. मग चान्सरी (कायद्याच्या अक्षरापलीकडे जाऊन चूक दुरुस्त करणारं, मनाई देणारं कोर्ट; त्याचा प्रमुख चान्सलर), सुप्रीम कोर्ट, सर्किट कोर्ट, कॉमन प्लीज, ऑर्फन्स कोर्ट, क्वार्टर सेशन्स, ऑयर अँड टर्मिनर. प्रेरॉगेटिव्ह कोर्ट म्हणून आणखी एक होतं, त्यावर तोच चान्सलर वेगळी टोपी घालून बसायचा. ऑर्फन्स कोर्ट म्हणजे अनाथांचं कोर्ट नव्हे. मृत्युपत्रं, इस्टेटी आणि अज्ञानांचे पालक यांचं काम तिथे चाले. हा सगळा संसार इंग्लंडकडून आलेला. गंमत अशी की इंग्लंडने स्वतः १८७३ ते १८७५ मधल्या कायद्यांनी तो आवरून एका छताखाली आणला, आणि इथे पुढची सत्तर वर्षं लोक जुनीच भांडी घासत बसले.

सर्वांत वरच्या एरर्स अँड अपील्समध्ये न्यायाधीश सोळा. चान्सलर एक, सुप्रीम कोर्टाचे नऊ, आणि सहाजण असे की त्यांनी वकिली केलेली असण्याची अट नव्हती. जुने वकील थट्टेने म्हणायचे, ज्युरीपेक्षा जरा मोठं आणि जमावापेक्षा जरा लहान. शिवाय सुप्रीम कोर्टाचे नऊजण सर्किटवर जाऊन खटलेही चालवत, मग सुप्रीम कोर्ट म्हणून त्यांची तपासणी करत, आणि वर जाऊन शेवटच्या अपिलातही बसत. स्वतःच्या निकालावरच्या अपिलात त्या एका न्यायाधीशाने बाजूला व्हायचं, पण शेजारच्या खुर्च्यांवर रोजचे सहकारीच.

पक्षकाराचं काय व्हायचं ते एका उदाहरणात सांगतो, बाबांना लगेच पटेल. समजा तुम्ही जमीन घेतली. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना चूक झाली, पूर्वेचा ओढा पश्चिमेला गेला. शेजारी ताबा सोडत नाही. साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात तुम्ही एकच दावा लावता: खत दुरुस्त करून मिळावं, ताबा मिळावा, मनाई हुकूम मिळावा. तिन्ही मागण्या एकाच प्रार्थनेच्या कलमात अ, ब, क करून. जुन्या न्यू जर्सीत ताब्याचा दावा कायद्याच्या कोर्टात. ते कोर्ट खताकडे बघून म्हणणार, लिहिलंय ते लिहिलंय. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार चान्सरीचा. म्हणजे तिकडे दुसरा दावा. तो चालेपर्यंत पहिला थांबवावा म्हणून चान्सरीकडूनच मनाई घ्यायची. खत दुरुस्त झालं की प्रत घेऊन पुन्हा पहिल्या कोर्टात. आणि आपण चुकीच्या दारात उभे आहोत असं मध्येच ठरलं, तर गुणदोषांवर एक शब्दही न बोलता बाहेर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर कोणत्या कोर्टाची पायरी, हेच आधी भांडून ठरवावं लागे.

हे इतकं उघड होतं तर बदललं का नाही? कारण या पसाऱ्यात खुर्च्या भरपूर होत्या आणि खुर्च्या वाटणारी माणसं होती. जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९१७ पासून तीस वर्षं महापौर. "मीच कायदा" हे १९३७ मधलं वाक्य त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. (संदर्भ शाळा बुडवणाऱ्या दोन मुलांचा होता, पण वाक्य चिकटलं ते चिकटलं.) १९३९ मध्ये गव्हर्नर मूर यांनी त्यांच्याच मुलाला राज्याच्या त्या सर्वोच्च सोळांत बसवलं.

१९४४ मध्ये नवी घटना मतदानाला आली. कोर्टांची फेररचना तिच्यात होती. हेग यांनी कंबर कसून विरोध केला आणि ती पडली. आता इथे थांबून बघा. मतदारांना सोळाजणांचं कोर्ट आवडत होतं म्हणून ती पडली का? अजिबात नाही. सगळी घटना एकगठ्ठा समोर आली, प्रत्येकाला तिच्यात नावडतं एखादं कलम सापडलं, आणि कोर्टांचा भाग त्याच गठ्ठ्याबरोबर वाहून गेला.

तीन वर्षांनी गव्हर्नर आल्फ्रेड ड्रिस्कॉल यांनी तेच काम वेगळ्या रीतीने घेतलं. घटना-परिषद बोलवायची का, हे आधी मतदारांनाच विचारलं. ८१ प्रतिनिधी निवडून आले आणि १९४७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत न्यू ब्रन्सविकला रट्गर्स विद्यापीठात बसले. विधिमंडळातल्या काउंटीनिहाय जागांना हात लावायचा नाही ही अट आधीच घातलेली, म्हणजे छोट्या काउंट्यांचा सर्वांत मोठा धसका मिटला. आणि हेग? रेल्वेच्या मालमत्तेवरच्या कराबाबत जर्सी सिटीला हवं तसं कलम मसुद्यात आलं. रेल्वेची पुष्कळ जमीन त्यांच्या शहरात, तेव्हा तो पैसा त्यांच्या दृष्टीने मोठा होता. विरोध मावळला. ४ नोव्हेंबर १९४७ ला मतदान झालं: बाजूने ६,५३,०९६, विरोधात १,८४,६३२.

या सौद्याबद्दल इथल्या वकिलांत दोन मतं ऐकू येतात. कोणी नाक मुरडतं. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. सत्तर वर्षं रखडलेलं काम कराच्या एका कलमावर सुटत असेल तर स्वस्तात सुटलं. साताऱ्यात वाटपाच्या दाव्यात मी हेच बघितलंय: विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या की वीस वर्षांचं भांडण एका दुपारी तडजोडीने मिटतं.

खुर्च्यांचा प्रश्नही असाच शांतपणे सोडवला. जुन्या न्यायाधीशांना घरी पाठवलं नाही. चान्सलर, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, व्हाइस-चान्सलर आणि सर्किटचे न्यायाधीश, यांच्यातूनच नवं सात जणांचं सुप्रीम कोर्ट नेमायचं आणि उरलेल्यांना नव्या सुपीरियर कोर्टात, म्हणजे खटले चालवणाऱ्या राज्याच्या मुख्य कोर्टात घ्यायचं, असं परिशिष्टात लिहून टाकलं. एरर्स अँड अपील्समधल्या बाकीच्यांनाही तिथे जागा, पण किमान दहा वर्षांची वकिलीची सनद असेल तरच. म्हणजे सनद नसलेले आपोआप गळाले. सुधारणेची चळवळ ज्यांनी वर्षानुवर्षं चालवली ते आर्थर व्हँडरबिल्ट मात्र न्यायाधीश नव्हते, कायद्याच्या कॉलेजचे डीन होते. मग त्यांना आधी सर्किट कोर्टावर नेमलं आणि तिथून १९४८ मध्ये सरन्यायाधीश केलं. वाट आपणच आखायची आणि आपणच तिच्यावरून चालायचं, तसा प्रकार. पण माणूस कामाचा निघाला.

नव्या घटनेचा सहावा भाग न्यायव्यवस्थेचा. मी कोणाही नवशिक्या वकिलाला त्यातली दोनच ठिकाणं पेन्सिलीने खूण करून ठेवायला सांगतो. एक, लॉ डिव्हिजन आणि चान्सरी डिव्हिजन एकाच सुपीरियर कोर्टाचे भाग, आणि गरज पडेल तिथे एकाने दुसऱ्याचे अधिकार वापरून पक्षकारांमधला सगळा वाद एकाच जागी मिटवायचा. चतुःसीमेचा ओढा आता एकाच दाव्यात पूर्वेला परत येतो. याच कलमातून पुढे एक कडक तत्त्व उगवलं: जो मुद्दा एकत्र मांडता आला असता तो मागे ठेवलात तर नंतर तो गेला. बाबांना म्हणावं, आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर दोन नियम दोन, पण दात जास्त असलेला. मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा यात सापडलो होतो. त्या अशिलाला पैसे का मिळणार नाहीत ते सांगायला त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा त्याने चहा पुढे केला आणि मला तो पिववला नाही.

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं. सरन्यायाधीश हे राज्यातल्या सगळ्या कोर्टांचे प्रशासकीय प्रमुख. न्यायाधीशांची नेमणूक कुठल्या विभागात करायची ते त्यांनी ठरवायचं. त्यांच्या हाताखाली एक प्रशासकीय संचालक. आणि कामकाजाचे नियम सुप्रीम कोर्टाने करायचे. व्हँडरबिल्ट यांनी पहिल्यापासून प्रत्येक न्यायाधीशाकडून दर आठवड्याला अहवाल मागायला सुरुवात केली: किती तास बसलात, किती प्रकरणं ऐकली, निकाल कशात राखून ठेवलाय. काही न्यायाधीश भयंकर चिडले. बाबा हसतील, कारण मासिक तक्ते भरून भरून त्यांचं आयुष्य गेलं. पण इथे तोवर न्यायाधीशाला असं विचारणारं कोणी नव्हतंच. काम कमी असलेल्या काउंटीतला न्यायाधीश उचलून तुंबलेल्या काउंटीत बसवणं हेही पहिल्यांदाच शक्य झालं.

नियमांचा वाद १९५० मध्ये पेटला. विनबेरी विरुद्ध सॅलिसबरी. कोर्टाच्या नियमात अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवस, विधिमंडळाच्या कायद्यात एक वर्ष. घटनेत शब्द होते की कोर्टाचे नियम 'कायद्याच्या अधीन' राहतील. सुप्रीम कोर्ट म्हणालं, इथे 'कायदा' म्हणजे हक्कांबद्दलचा मूळ कायदा. कार्यपद्धतीत विधिमंडळाने पडू नये. तेव्हा पंचेचाळीस दिवस. विद्वानांनी यावर खूप टीका केली आणि शब्दांकडे नुसतं पाहिलं तर ती टीका मला पटते. पण त्या निकालाचं फळ आपण आजही खातो. २०२२ मध्ये स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांची मर्यादा ३,००० वरून ५,००० डॉलर झाली आणि त्यावरच्या मध्यम रकमेच्या दाव्यांच्या विभागाची, स्पेशल सिव्हिल पार्टची, १५,००० वरून २०,०००. ती कोर्टाच्या नियमाने झाली. तुमचे पैसे बुडवणाऱ्यावर वकील न लावता दावा करता येतो त्याची मर्यादा वाढवायला निवडणुकीची वाट बघावी लागली नाही. १९४७ च्या मतदारांपैकी फार थोड्यांनी 'कायद्याच्या अधीन' हे शब्द वाचले असतील. ज्या गोष्टीवरून पुढे सगळं ठरलं ती गोष्ट ही होती.

सगळं एका दमात झालं नाही, हेही सांगायला हवं. काउंटीच्या पातळीवरची जुनी कोर्टं १९४७ मध्ये दर काउंटीत एकेका काउंटी कोर्टात गोळा केली, पण ही काउंटी कोर्टं सुपीरियर कोर्टात मिसळायला कोणी धजलं नाही. स्थानिक पुढाऱ्यांचा जीव त्यांत अडकलेला होता. ती १९७८ च्या मतदानाने सुपीरियर कोर्टात विलीन झाली. १९८३ मध्ये पुन्हा घटनादुरुस्ती झाली आणि चान्सरी डिव्हिजनमध्ये फॅमिली पार्ट, म्हणजे कौटुंबिक वादांचा विभाग आला. १९९२ मध्ये मतदारांनी ठरवलं की कोर्टांचा खर्च काउंट्यांकडून राज्याने घ्यावा, आणि तो १९९५ पासून घेतला गेला. माझ्या मते यातलं सर्वांत कमी चर्चा झालेलं आणि सर्वांत उपयोगी मतदान हेच. कारकुनाचा पगार काउंटी देत होती तोवर सरन्यायाधीश कागदावरच प्रमुख होते.

फॅमिली पार्टचं मोल कळायचं असेल तर हडसन नदी ओलांडून क्वीन्सला जा. न्यूयॉर्कमध्ये आजही अकरा प्रकारची प्राथमिक कोर्टं आहेत आणि तिथलं सुप्रीम कोर्ट सर्वांत वरचं नाही. वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स. फॅमिली कोर्ट मुलांचा ताबा, पोटगी, संरक्षणाचा आदेश हे सगळं बघतं, पण घटस्फोट देऊ शकत नाही. त्यासाठी सुप्रीम कोर्ट. जॅक्सन हाइट्समधली एक मराठी मुलगी मारहाणीनंतर संरक्षणाचा आदेश घ्यायला फॅमिली कोर्टात गेली. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा सुप्रीम कोर्टात लावला. एकच लग्न, एकच मूल, आणि दोन इमारतींत दोन फायली. सुट्टी दोनदा, दुभाषी दोनदा, तीच हकीकत दोन अनोळखी माणसांसमोर दोनदा. तेच एडिसनमध्ये घडलं असतं तर न्यू ब्रन्सविकच्या एकाच कोर्टात एकाच छताखाली चाललं असतं. न्यूयॉर्कच्या मतदारांनीही १९६१ मध्ये एक मोठी फेररचना मंजूर केली होती, फॅमिली कोर्ट त्यातूनच आलं. पण घटस्फोट त्यांनी पलीकडच्याच घरात ठेवला. त्यानंतर सगळं एकत्र करायचे प्रस्ताव कितीदा आले आणि विरले.

दुसरीकडची दोन उदाहरणं उभ्या उभ्या सांगतो. नेवाडात सात न्यायाधीशांच्या सुप्रीम कोर्टाकडेच राज्यातली सगळी अपिलं जात, फाशीच्या शिक्षेपासून गाडीच्या परवान्यापर्यंत. मधलं अपील कोर्ट हवं हा प्रश्न मतदारांनी १९७२, १९८०, १९९२ आणि २०१० असा चारदा नाकारला. २०१४ मध्ये मंजूर केला. न्यायाधीश फक्त तीन, नवी इमारत नाही, अपील सुप्रीम कोर्टातच दाखल होणार आणि तिथून निवडक प्रकरणं खाली पाठवणार, हे समर्थकांनी घसा बसेपर्यंत सांगितलं. मतदाराला न्यायाची नवी कल्पना विकण्यापेक्षा खर्च वाढणार नाही हे पटवणं सोपं, एवढंच मी त्यातून घेतो. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये उलटं केलं: म्युनिसिपल आणि सुपीरियर कोर्टांचं विलीनीकरण करायचं की नाही ते प्रत्येक काउंटीतल्या न्यायाधीशांनीच मत देऊन ठरवावं. कोणावर सक्ती नाही. २००१ च्या फेब्रुवारीपर्यंत ५८ च्या ५८ काउंट्या एकत्र झाल्या होत्या.

आता बाबांच्या शंकेकडे. आपल्याकडे हे कोणी विचारत नाही, खरं आहे. १८६२ मध्ये मुंबईतलं सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती एकत्र करून मुंबई उच्च न्यायालय झालं, तेव्हा विचारायचा प्रश्नच नव्हता. राणीचं फर्मान आलं. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं ते १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलमाखाली, मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने. त्याआधी चाळीसहून अधिक वर्षं वकिलांची आंदोलनं, मोर्चे, कामकाजावर बहिष्कार. त्या बेंचखालच्या सहा जिल्ह्यांत मतदान घेतलं असतं तर ते पहिल्याच वर्षी मंजूर झालं असतं, हे बाबाही मान्य करतील. मुंबईचं काय मत पडलं असतं ते मात्र सांगता येत नाही, आणि मतदानाची हीच अडचण आहे. तुंबलेल्या भागाचा त्रास न तुंबलेल्या भागातल्या मतदाराला दिसत नाही.

न्यू जर्सीत घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर येण्याआधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात, किंवा लागोपाठ दोन वर्षं साधं बहुमत. म्हणजे तुमच्यापर्यंत येणारा मसुदा गाळून आलेला असतो. प्रश्नाखाली एक स्पष्टीकरण छापलेलं असतं. ते वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. ते विधिमंडळानेच लिहिलेलं असतं. राज्याच्या संकेतस्थळावर मूळ मजकूर असतो, वगळायचे जुने शब्द ठळक कंसात आणि नवे अधोरेखित. मी सर्वांत आधी कंसातले शब्द वाचतो. २०१४ च्या जामिनाच्या प्रश्नात तेच केलं. जुन्या घटनेनुसार फाशीचे काही गुन्हे सोडले तर प्रत्येकाला जामीन द्यावाच लागे, आणि फाशी तर राज्याने २००७ मध्येच बंद केलेली. म्हणून न्यायाधीश सरळ नकार देऊ शकत नसत. धोकादायक वाटणाऱ्याला जबर रक्कम लावत. पैसेवाला सुटे, आणि किरकोळ गुन्ह्यातला गरीब अडीच हजार डॉलरसाठी महिनोन्महिने आत. कंसातल्या ओळीत हे सगळं होतं. मी बाजूने मत दिलं आणि २०१७ पासून फौजदारी बोर्ड बघताना मला ते मत चुकलं असं वाटलेलं नाही.

२०१२ मध्ये मात्र मी विरोधात होतो. न्यायाधीशांच्या पगारातून पेन्शनसाठी जास्त कपात करायला सुप्रीम कोर्टाने मनाई केली होती, कारण पदावर असताना पगार कमी करता येत नाही असं घटना सांगत होती. विधिमंडळाने काही महिन्यांतच घटना बदलण्याचा प्रश्न लोकांपुढे ठेवला. बाकीचे सरकारी नोकर भरतात, मग यांनी का नाही, हा युक्तिवाद बसथांब्यावर कोणालाही पटणारा होता आणि प्रश्न प्रचंड बहुमताने पास झाला. कपात योग्यच असेल. पण नावडता निकाल आला की त्याच मोसमात घटना बदलायची, हा रस्ता एकदा मळला की त्यावरून कोण कोण जाईल याची मला धास्ती वाटली होती.

तेव्हा ताई, पुढच्या वेळी प्रश्न आला की मूळ मजकूर छापून बाबांपुढे ठेवा. न्यायाधीशाची बदली कोण करतो, कारकुनाचा पगार कोणाच्या तिजोरीतून, नियम कोण करतो, आणि शेवटच्या परिशिष्टात जुन्या खुर्च्यांचं काय होतं, एवढं त्यांना शोधायला सांगा. इंग्रजी अडलं तर तुम्ही आहातच. शिरस्तेदार माणूस, अर्ध्या तासात लाल पेनाने खुणा करून देतील.